ब्रोकोलीचा फ्लॉवर होतो तेव्हा...

एक साधा प्रश्न. आत्ता तुम्ही जिथे बसून हे वाचताय, तिथे उजेड किती आहे? 'पुरेसा आहे की' हे उत्तर चालणार नाही. आकडा हवाय, आकडा!

नाही ना सांगता येत? टेन्शन नका घेऊ, कुणालाच येत नाही. आपण ताप अंशांत सांगतो, वजन किलोत सांगतो (स्वतःचं सोडून), ऑफिसचं अंतरसुद्धा हल्ली किलोमीटरऐवजी मिनिटांत सांगतो. पण उजेडाचा विषय निघाला की आपलं सगळं 'मस्त', 'डल' आणि 'अगं, लाइट लाव ना जरा' यावर भागतं. माणसांचं भागूही शकतं म्हणा. पण तुमच्या घरात असा एखादा जीव राहायला असेल, ज्याचं जेवणच मुळी उजेड आहे, तर मात्र हा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार महागात पडतो. किती महागात, ते मी गेल्या नोव्हेंबरात न्यू जर्सीत बघून आले. म्हणून या आठवड्याचा छंद जरा हटके. रीफ टँक, म्हणजे घरातलं प्रवाळांचं मत्स्यालय. आणि त्यातही त्यातला उजेड मोजणं!

आधी थोडा बेसिक फंडा. पत्रिकेत मंगळ तापट निघाला की बोटात जे पोवळं चढवतात, ते सगळ्यांना माहीत असतं. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढतं, त्याला उजेडाची फारशी पर्वा नसते. रीफ टँकमधले प्रवाळ हे त्याचे लांबचे नातेवाईक, पण त्यांचा स्वभाव एकदम उलटा. दिसायला ते झुडपासारखे किंवा दगडासारखे असले तरी ते प्राणी आहेत. आणि या प्राण्यांनी आपल्या अंगात भाडेकरू ठेवलेले असतात! डोळ्यांना न दिसणारी, एकपेशीय शेवाळं. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये ही मंडळी दहा लाखांच्या घरात असू शकतात. चाळीत तरी बरी म्हणायची! प्रवाळ त्यांना राहायला जागा देतो, ती उजेडावर साखर तयार करतात आणि भाड्यापोटी त्यातली बरीचशी मालकाला देऊन टाकतात. काही जातींना तर लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातूनच मिळते. मुंबईतल्या पागडीपेक्षाही घट्ट नातं आहे हे.

आता या नात्यातली गोम. उजेड कमी पडला तर भाडं थकतं, मालक उपाशी. पण उजेड जास्त झाला तर? लॉटरी नाही हो लागत. शेवाळाची यंत्रणा ओव्हरलोड होते, घातक ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, आणि मालक जीव वाचवण्यासाठी भाडेकरूंना सरळ घराबाहेर काढतो. शेवाळ गेलं की रंग गेला. प्रवाळाचं स्वतःचं मांस जवळजवळ पारदर्शक असतं, त्यामुळे खालचा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो. पांढराफटक. यालाच 'ब्लीचिंग' म्हणतात. समुद्रात ते मुख्यतः पाणी तापल्यामुळे होतं आणि डोक्यावरचं कडक ऊन त्यात भर घालतं. २०२४ मध्ये आपल्या लक्षद्वीपमध्ये मोठ्या प्रमाणावर ते झालं. घरातल्या टाकीत मात्र पाणी हवं तेवढं थंड ठेवूनसुद्धा नुसत्या दिव्याच्या जोरावर हे करून दाखवता येतं!

माझ्या मावसभावाने हेच केलं. तो एडिसनला राहतो, आयटीत आहे, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाकीचे लोक पाव भाजायला शिकत होते तेव्हा त्याने दिवाणखान्यात चार फुटी, साधारण ३४० लिटरची टाकी उभी केली. त्यात सगळ्यात लाडका होता तो अ‍ॅक्रोपोरा जातीचा एक हिरवा प्रवाळ. एका म्हाताऱ्या छांदिष्टाने गाव सोडताना आपल्या कॉलनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडून याच्या हातात ठेवला होता. त्या गृहस्थांची टाकी पुढे मोडली, पण त्यांचा तुकडा इथे पाच वर्षांत नारळाएवढा झाला. माझ्या भाचीने त्याचं नाव ठेवलं होतं, ब्रोकोली.

मी फराळाचा डबा घेऊन पोचले तेव्हा घरात सुतकी वातावरण! वहिनी म्हणाली, 'चकल्या नंतर. आधी टाकी बघ, नाहीतर हा जेवणार नाही.' ब्रोकोली वरून फिकट पडली होती. टोकं तर साफ पांढरी. सहा वर्षांची भाची एकदम गंभीरपणे म्हणाली, 'आत्या, ब्रोकोलीचा फ्लॉवर झाला.'

हसू नका. दादा खरंच हलला होता. पैशांचा प्रश्न नव्हता. ज्याने विश्वासाने दिलं, त्याच्याकडे आता परत मागायलाही काही उरलेलं नव्हतं.

झालं काय होतं? सप्टेंबरमध्ये त्याने टाकीवरच्या जुन्या टी-फाइव्ह ट्यूब काढून दोन झकास एलईडी दिवे टांगले. ट्यूब दरवर्षी बदलाव्या लागतात, एलईडीचं तसं नाही, विजेचं बिल कमी, मोबाइलवरून कंट्रोल. सगळं कसं स्मार्ट! पण नवा उजेड निळा-जांभळा. टाकी डिस्कोसारखी दिसायची, पण जरा अंधारी वाटायची. दादाने मोबाइलच्या लक्स मोजायच्या अ‍ॅपने तपासलं, तर जुन्या ट्यूबच्या वेळच्या आकड्याच्या निम्मासुद्धा भरेना. बस्स! त्याने दिवे ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेले. महिन्याभरात ब्रोकोली फिकट व्हायला लागली. आता आपल्या घरांत वाढलेला माणूस फिकट पोर बघून काय म्हणेल? 'अशक्त झालंय, जरा उन्हात बसव.' दादाही तेच म्हणत होता. मी पोचले त्या रात्री तो दिवे ९० चे १०० करायच्या बेतात होता. वहिनीने मोबाइल काढून घेतला. 'आधी मीटर आण. मग काय ते कर.'

इथे जरा थांबूया, कारण सगळी मेख लक्समध्ये आहे.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशावर सगळ्यात जास्त फिदा असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला तो त्याच्या तुलनेत जेमतेम चार टक्के भाव देतो. लक्स मीटरही डोळ्याची हीच आवडनिवड प्रामाणिकपणे पाळतो. पण समुद्रात काय होतं? पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं आणि निळा मात्र खोलवर पोचतो. प्रवाळातल्या शेवाळाचं अख्खं खानदान त्या निळ्यावर पोसलेलं आहे. थोडक्यात, जो उजेड आपल्याला 'डल' वाटतो, तो त्यांच्यासाठी भर दुपारचं ऊन असू शकतो. डोळा आणि अ‍ॅप, दोघंही एकाच चष्म्यातून बघतात, मग दुसरं मत मिळणार कुठून?

त्यासाठी वेगळं माप आहे, पार. इंग्रजी अद्याक्षरांचा शब्द आहे, पण मराठीतही बरोबर बसतो, चुकला की पार वाट! ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले प्रकाशाचे कण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतात, ते हे माप सांगतं. निळा कण असो की तांबडा, एक कण म्हणजे एक. नो भेदभाव! आकडा येतो मायक्रोमोलमध्ये. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्यं इतके कण, पण ते डोक्यात ठेवायची गरज नाही. ठेवायचे ते अंदाज असे: भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा साधारण २००० असतो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतात. मोठ्या तोंडाच्या दगडी प्रवाळांना साधारण १०० ते २००. आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या उन्हाळ्या मंडळींना २०० ते ४००.

'अरे, मग सूर्याच्या २००० पुढे हे किती कमी!' असं मीही म्हणाले. दादाने लगेच हिशेब मांडला. सूर्य माथ्यावर थोडाच वेळ असतो, टाकीतला दिवा तासन्‌तास एकाच जोरात चालतो. २५० च्या उजेडात नऊ तास, म्हणजे ३२,४०० सेकंद. गुणाकार करा, दिवसाचे ८१ लाख मायक्रोमोल, म्हणजे ८.१ मोल. प्रवाळाचं रोजचं रेशन हे असं मोजायचं: जोर गुणिले वेळ. आपण ताटात किती वाढलं ते बघतो, दिवसातून किती वेळा वाढलं ते विसरतो, तसं इथे करून चालत नाही.

पण हा मीटर आणायचा कुठून? पाण्यात बुडवता येणारा, एलईडीचा निळा प्रकाश नीट वाचणारा, यूटामधल्या अपोजी कंपनीचा मीटर छांदिष्टांमध्ये फेमस आहे. किंमत पाचशे डॉलरच्या पुढे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी इतके पैसे कोण घालणार? त्यावर तिथल्या लोकांनी काढलेली आयडिया मला जाम आवडली. अमेरिकेतले बरेच रीफ क्लब मिळून एक मीटर घेतात आणि सभासदांना आळीपाळीने देतात. आपल्याकडे सोसायटीची शिडी फिरते ना, अगदी तशी! दादाचा नंबर आठवड्याने लागला. शनिवारी सकाळी चाळीस मिनिटं गाडी हाणून आम्ही एका निवृत्त बाईंच्या घरून तो आणला. बॉक्समध्ये एक चिठ्ठी होती, 'वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा.' शिडीवर अशी चिठ्ठी कुणी लावली तर!

मग सुरू झालं आमचं मोजणी अभियान. दादा काठीला लावलेला सेन्सर पाण्यात धरणार, मी कागदावर टाकीचा नकाशा काढून आकडे लिहिणार, वहिनी सुपरव्हायझर. दिसायला सोपं, पण यातही नियम आहेत. दिवे दिवसातल्या सगळ्यात जास्त जोरावर हवेत. सेन्सर सरळ वर बघणारा हवा, तिरका झाला की आकडा घसरतो. हाताची सावली पडता कामा नये. पाण्यावरच्या लाटांमुळे तळाशी उजेडाच्या रेघा नाचतात, आकडा सारखा वरखाली होतो, म्हणून काही सेकंद थांबून सरासरी घ्यायची. आणि सेन्सर हवेसाठी बनवलेला असेल, तर पाण्याखाली तो मुळातच कमी दाखवतो, त्याला दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. पाण्यासाठीच बनवलेल्या मीटरमध्ये तो आधीच बसवलेला असतो. सगळ्यात महत्त्वाचं, मोजायचं ते प्रवाळ जिथे बसलाय तिथे. पाण्याच्या पृष्ठभागावर किती आहे याने कुणाचं पोट भरत नाही.

तासाभरात माझ्या कागदावर चोवीस आकडे. डाव्या कोपऱ्यात वाळूवर ७०. मधोमध वाळूवर १४०. दोन दिव्यांच्या मधल्या खडकावर २६०. आणि ब्रोकोली? ५२५!

दादा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, 'मी याला उन्हात बसवत नव्हतो गं. भाजत होतो.'

एकाच टाकीत, चार फुटांच्या आत, ७० पासून ५२५ पर्यंत. आणि डोळ्यांना? सगळीकडे सारखाच निळा डिस्को. त्या कागदामुळे आणखी एक गोष्ट उलगडली. डाव्या कोपऱ्यातला एक प्रवाळ काही महिन्यांपासून मातकट तपकिरी झाला होता. सगळ्यांना वाटायचं, तो मस्त गडद आणि ठणठणीत आहे. खरं तर तो उपाशी होता! उजेड कमी पडला की शेवाळ जास्त रंगद्रव्यं बनवून मिळेल तो कण ओरबाडायला बघतं, म्हणून प्रवाळ गडद होतो. म्हणजे फिकट तो अशक्त आणि काळासावळा तो दणकट, हे आपलं गणित इथे बरेचदा नेमकं उलटं. (बरेचदा म्हणायचं कारण, पाण्यातल्या पोषणाचा आणि तापमानाचाही रंगावर परिणाम होतो. म्हणून तर नुसता रंग बघून बटण फिरवायचं नाही.)

उपाय अगदीच साधा निघाला. दिवे ९० टक्क्यांवरून ४५ वर. पुन्हा सेन्सर बुडवला, ब्रोकोलीपाशी २६२. ती होती तिथेच ठेवली, कारण आजारी प्रवाळाला उगाच हलवू नये. उपाशी प्रवाळाला मात्र मधल्या खडकावर न्यायचं होतं. दिवे अर्ध्यावर आल्यावर तिथे आता १३० होते. पण कोपऱ्यात राहिलेल्याला एकदम इतकं नको, म्हणून आठवड्याला थोडं थोडं सरकवत. वाढवायचं ते हळू, हा या छंदातला सुवर्णनियम. नवीन दिवा लावला की तो कमी जोरावर सुरू करून काही आठवड्यांत चढवत न्यायचा. चांगल्या दिव्यांच्या अ‍ॅपमध्ये तशी सोयही असते. पण ती वापरायला आपल्याला दम निघायला हवा ना!

ब्रोकोली वाचली का? अर्धी. खालच्या दोन फांद्या गेल्या, त्यांच्यावर हिरवं केसाळ शेवाळ चढलं, दादाने त्या तोडून टाकल्या. बाकीच्या भागावर सहा आठवड्यांनी तपकिरी छटा परतली. म्हणजे भाडेकरू परत राहायला आले. हिरवा रंग यायला मार्च उजाडला. त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर सकाळी सहाला फोटो, खाली भाचीचा व्हॉइस मेसेज, 'आत्या, परत ब्रोकोली!' दादाने आता तिचा एक छोटा तुकडा तोडून क्लबमधल्या दुसऱ्या सभासदाला देऊन ठेवलाय. एका टाकीत सगळं नको म्हणून. तो तुकडा देताना त्याने सोबत एक कागदही दिला: कुठल्या उजेडात वाढलाय, त्याचा आकडा. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तुकडा दिला तेव्हा असा कागद नव्हता.

आता तुमच्यापैकी काही जण एव्हाना टाकीची किंमत शोधायला लागले असतील. जरा ब्रेक! आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. थेट वाघाच्या पंक्तीत. समुद्रातून उचलणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. किनाऱ्यावरच्या दुकानात शोपीस म्हणून मिळणारा सुकलेला पांढरा तुकडासुद्धा त्यातच आला. हा कायदा किती खरा आहे ते मुंबईकरांनी पाहिलंय. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले, तेव्हा २०२० मध्ये वनखात्याची परवानगी घेऊन ते दुसरीकडे हलवावे लागले. त्यामुळे प्रवाळ बघायचेत तर मालवणला जा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डुबकी मारा, डोळे भरून बघा आणि हात मात्र आपल्यापाशीच ठेवा.

मग हे सगळं वाचून उपयोग काय? आहे की! पुण्या-मुंबईत पाणवनस्पतींच्या गोड्या पाण्याच्या टाक्या घरोघरी दिसतात. तिथेही हेच माप चालतं. अनुबियास किंवा जावा फर्नसारख्या सोशिक वनस्पतींना १५ ते ३० पुरतात. तळाशी हिरवळ पसरवायची असेल तर ५० च्या पुढे हवेत, आणि मग कार्बन डायऑक्साइडही सोडावा लागतो. तो न देता नुसता दिवा वाढवलात, तर वनस्पतींच्या आधी शेवाळ पार्टी करेल. मीटर नसेल तर एक जुगाड आहे. दिवा साधा पांढरा एलईडी असेल, तर लक्सच्या आकड्याला साधारण ७० ने भागा, पारचा अंदाज मिळतो. ३५०० लक्स म्हणजे साधारण ५०. निळ्या रीफच्या दिव्याला मात्र हा भागाकार लावू नका, दादाची आठवण ठेवा! आणि मोबाइल पाण्यात बुडवू नका, हे सांगायला नको. टाकी रिकामी असताना तळाशी ठेवून मोजा.

खिडकीतल्या मनी प्लँटलाही हाच न्याय. तो सुकत चाललाय असं वाटलं की लगेच बाल्कनीत ढकलण्याआधी, भर दुपारी त्याच्या पानाजवळ मोबाइल धरून आकडा बघा आणि कुंडीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा बघा.

मी परत आल्यावर माझ्या भाड्याच्या फ्लॅटभर अ‍ॅप घेऊन फिरले. लिहायच्या टेबलावर ११० लक्स! ऑफिसात ३०० ते ५०० असावेत म्हणतात. घरमालकांना ट्यूब बदलायला सांगितली, तर म्हणाले, 'चांगला उजेड आहे की, मला दिसतंय ना!'

काका, तुमचं बरोबर आहे. पण आकडा काय, ते सांगा ना?

चला, पुढच्या आठवड्यात नवा छंद. तोवर मोजत राहा!